यंत्राला आधीच कळलं होतं

सोनई

कल्याण,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

परवा फोनवर किती आनंदाने सांगितलंस, "ताई, फोटोवरून तोंडाचा कॅन्सर ओळखणारं आमचं यंत्र चाचणीत पास झालं! आईचा कॅन्सरसुद्धा त्याने गेल्या वर्षीच ओळखला होता."

म्हणजे तुला माहीत होतं! गावातल्या तुझ्या शिबिरात तपासणीसाठी आईनेच सगळ्यांत आधी तोंड उघडलं होतं. मोबाईलवर तू स्वतः फोटो काढलास. मग सांगितलं का नाहीस, असं विचारलं, तर म्हणालास, "चाचणी चालू असताना निकाल कुणालाच सांगायचा नाही, असा नियम होता."

शिबिरानंतर आठ महिन्यांनी तिला घास गिळवेना, तेव्हा मी तिला नगरला नेलं. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, "इतके दिवस काय करत होता?" अर्धी जीभ काढली रे तिची. आता आई बोलत नाही.

मी काय लिहितेय हे तिने ओळखलं. पाटीवर लिहून दाखवलं, "त्याला बोलू नगं. लेकरू हाय." म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही.

पण गप्पही बसणार नाही. शिबिरातल्या बायकांच्या घरी जाऊन मी सांगतेय, तोंड तपासून घ्या. विमलबाईंच्या गालात पांढरा चट्टा दिसला. उद्या त्यांना नगरला नेतेय. त्यांनी विचारलं, "कल्याणनं तवाच का न्हाई सांगितलं?"

तुझा नियम मला त्यांना सांगता आला नाही.

तुझी ताई,
सत्यशीला