मुंगीचं कोपर

४ सप्टेंबर, सोमवार

आज वर्गात मुंगीचं कोपर गेलं. माझ्या हातात गेलं. तो आवाज अजून कानात आहे.

हात ताणायचा डाव. हजार वेळा केलेला. ती पाठीवर, तिचा डावा हात माझ्या छातीशी, माझे दोन्ही पाय तिच्यावर आडवे. उजवी पोटरी तिच्या तोंडावर, म्हणून तिला ओरडता येईना. सहन होईना झालं की समोरच्याला थापटायचं आणि थापटल्याबरोबर त्यानं सोडायचं — जिउजित्सूच्या कुस्तीत याच्यापेक्षा मोठा नियम नाही. तिचा दुसरा हात माझ्या डाव्या पायाखाली अडकला होता, फक्त पंजा मोकळा. ती त्या पायावरच थापटत राहिली.

मला कळलंच नाही! मान उचलून पाहिलं तेव्हा पंजा फडफडत होता. किती वेळ, देव जाणे.

मुलं धावली. कुणीतरी तिला म्हणालं, "वेळेवर थापटायला काय झालं होतं गं?"

आणि मी म्हणाले, "हो, उशीरच केला तिनं."

मी. तेहतीस वर्षं शिकवणारी मी.

५ सप्टेंबर

हाड शाबूत. सांध्याचे बंध फाटलेत. चार महिने.

७ सप्टेंबर

आमचे हे पेपर वाचत बसले होते. म्हटलं, "मी डोळे मिटते. माझ्या डाव्या पोटरीवर थापटा, मी मोजते."

"अंगाई पण म्हणू का?"

"थापटा हो!"

मी तीन मोजले. त्यांनी दहा वेळा थापटलं होतं. पेपर घडी करून बाजूला ठेवला त्यांनी. "कधीपासून?"

दोन वर्षं. आधी अंगठा बधिर, मग पाऊल, मग वर. नसांचे डॉक्टर गेल्या वर्षीच म्हणाले होते, "कमरेतली नस दबली आहे. हे लोळणं-बिळणं बंद करा, बाई." त्यांचा कागद कपाटात टाकला आणि संध्याकाळी वर्गावर गेले. वर्ग सोडून मी करू काय? विणकाम?

९ सप्टेंबर

माझ्या कॉन्व्हेंट शाळेचा तो हॉल आज सारखा आठवतो. लाकडी फळ्या, पॉलिशचा वास. मी तेरा वर्षांची. ज्युडोचे मास्तर आठवड्यातून दोनदा यायचे. आम्ही पडायचा सराव करायला लागलो की मदर दारात उभ्या — "मुलींनी इतका आवाज करून पडू नये!" मास्तर कमरेत वाकून म्हणायचे, "मदर, हळू पडायला अजून वेळ आहे."

ते आमच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचे. मग पाठीवर, टाचेवर, कुठंही एका बोटानं थापटायचे. ओळखायचं आणि सोडायचं. "ही विनंती नव्हे पोरींनो, हुकूम आहे." मी एकदाही चुकले नाही. बाविसाव्या वर्षी त्यांनी लहान मुलांचा वर्ग माझ्याकडे दिला. म्हणाले, "तुला जिंकता येतं म्हणून नाही. सोडता येतं म्हणून."

चाळिशीत जिउजित्सूकडे वळले, पुन्हा नवशिक्याचा पांढरा पट्टा बांधला. विशीतल्या पोरांनी यथेच्छ लोळवलं. घरी येऊन आनंदानं रडले होते.

मास्तर नाहीत ते बरं आहे. हे काय लिहिते आहे मी!

१२ सप्टेंबर

मुंगीची आई आली. माफी मागायला! "माझीच पोर हट्टी. तुमच्या जिवाला उगाच घोर." मी ऐकून घेतलं. चहात साखर घालायला विसरले. ती बिचारी न बोलता प्यायली.

नऊ वर्षांची होती मुंगी, पहिल्याच दिवशी एका मुलाला कडकडून चावली, तेव्हापासून हे नाव. अकरा वर्षं माझ्या मॅटवर वाढली. या महिनाअखेर तिची शिक्षक व्हायची परीक्षा होती.

१५ सप्टेंबर

परीक्षकांचा फोन. "हाताचं काही नाही, परीक्षा पुढच्या वर्षी घेऊ शकलो असतो. पण जिला स्वतःला कधी थांबायचं कळत नाही, तिच्या हाती लहान मुलं कशी द्यायची? तुम्हीच सांगा, बाई. तिचं नाव वगळतोय."

मी म्हणाले, "बरं."

बरं!! जीभ झडली कशी नाही माझी?

१६ सप्टेंबर

ती कुणाला काहीच का सांगत नाही? थापटलं होतं, एवढं एक वाक्य. का नाही बोलत?

१७ सप्टेंबर

जेवण गेलं नाही. हे म्हणाले, "किती दिवस असं?"

मी बोलले तर माझा वर्ग गेला. नाही बोलले तर ती गेली. यात विचार करण्यासारखं काय आहे? तरी दोन दिवस विचारच करते आहे. हेच सगळ्यात वाईट.

१८ सप्टेंबर

परीक्षकांना फोन केला. पाय, डॉक्टरांचा कागद, माझं खोटं — सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "लेखी द्या."

दिलं. शिक्षकांच्या यादीतून माझं नाव जाईल. जाऊ दे. उद्या मुंगीकडे जायचं, हे त्याहून अवघड.

१९ सप्टेंबर

गेले. सांगितलं. गळ्यात अडकवलेला हात सावरत ती म्हणाली, "माहीत आहे, बाई."

सगळ्यांनाच माहीत आहे. दीड वर्ष. बाईंच्या डाव्या पायावर थापटायचं नाही, उजवीकडे थापटायचं. नाहीच जमलं तर मोठ्यानं 'बस' म्हणायचं. आणि मला वाटायचं, माझ्या मुलांचे आवाज किती खणखणीत! नव्या मुलांना हे पहिल्या दिवशी शिकवतात, पडायला शिकवायच्याही आधी.

"कोण शिकवतं?"

"मीच."