दातामागचा खडा

खासबाग, बेळगांव
शुक्रवार, कार्तिक, सन १९३८

प्रिय आक्का,

तुझं कार्ड काल मिळालं. येत्या बुधवारी दाजींबरोबर निपाणीला जाऊन बाजारातल्या दात काढणाऱ्याकडून उरलेले सगळे दात एकदम काढून घेणार, असं लिहिलंस. तर आधी एवढंच वाच: काढू नकोस. का ते याच पत्रात सांगते, पण माझ्या चालीनं सांगते, कारण सरळ सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.

आधी माझी बातमी. महिनाभर माझ्या हिरड्यांतून रक्त येत होतं. पेरू चावला की पेरूवर लाल डाग. शेवटी गेल्या सोमवारी गुपचूप कॅम्पातल्या त्याच डॉक्टरांकडे गेले, जिथून दीड वर्षामागं तू चपला हातात घेऊन निघून आलीस. खुर्ची तीच, तोंडाला पांढरं फडकं बांधलेले धारवाडचे डॉक्टरही तेच. त्यांनी आकड्यासारखं बारीक हत्यार माझ्या खालच्या दातांच्या मागं घातलं, करकर केलं, आणि थाळीत टक्कन काहीतरी पडलं. मला वाटलं, गेला दात. जीभ फिरवून बघते तर दात जागेवर. मग ते पडलेलं मी मागून घेतलं. पिवळट-काळा खडा, ज्वारीच्या दाण्याच्या निम्मा. हा माझ्या तोंडात होता आणि मला पत्ता नव्हता.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. घड्याळात काटा कोण फिरवतं ते बघायला मी आप्पांचं घड्याळ उघडलं होतं आणि मार तू खाल्ला होतास. खडा हातात घेऊन मी डॉक्टरांना भंडावून सोडलं. हा येतो कुठून? म्हणे थुंकीतून. दातावर अन्नाचा चिकट थर राहिला की थुंकीतले क्षार त्यात बसतात आणि घट्ट होतात, बंबाला आतून थर धरतो तसे. मग खालच्या पुढच्या दातांमागंच का? तिथं जिभेखाली थुंकी झरते म्हणून. डावीकडे जास्त का? यावर त्यांनीच मला विचारलं की तुम्ही उजवीकडूनच चावता का. खरंच की, डावी दाढ दुखते म्हणून वर्षभर तिकडं घास नेलेलाच नाही. चावणं नाही तिथं दात घासलेही जात नाहीत, मग थर साचत जातो. असा खडा जमला की हिरडी सुजते, दातापासून सुटते, त्या फटीत आणखी घाण जाते आणि दात हलू लागतो. मला हसू आलं. आपण दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं, दिवा लागल्यावर तोंडात घास घालणार नाही, आणि संध्याकाळचा घास मात्र सकाळपर्यंत दातांच्या फटीत सांभाळून ठेवतो.

मग तुझं नाव न घेता तुझी हकिकत सांगितली. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, एका हलत्या दाताला सोनारानं बांधून दिलेली चांदीची तार, दिवसातून चार वेळा मिश्री. डॉक्टर म्हणाले, चढलेल्या दातांच्या आड बोट पोचत नाही. तारेखाली अन्न अडकतं आणि तार हिरडीला कापत राहते. मिश्रीचं तर मला नवलच वाटलं. तंबाखूमुळं हिरडीचं रक्त कमी येतं, म्हणून बाईला वाटतं आपलं ठीक चाललंय, आणि आत रोग वाढत असतो. तू म्हणायचीस ना, मिश्री लावली की रक्त थांबतं म्हणून. बघितल्याशिवाय ते खात्री देईनात, पण तार सोडवली, मिश्री सुटली, तोंड साफ केलं तर अशा बाईचे बरेच दात राहू शकतील, असं म्हणाले.

आक्का, बोरगावच्या बस्तीत जिनदेवापुढं तू पुराण वाचायचीस तेव्हा बायका कामं टाकून यायच्या. आता तू खांबाआड पदर तोंडाला लावून बसतेस, आणि धोंडूबाई शेजारी टेकली की वास जाईल म्हणून सरकतेस. पर्युषणात मी हे पाहिलं आणि मला रडू आलं. तरी त्याच दिवशी दुपारी सगळ्यांपुढं मी तुझी नक्कल केली: हत्यारं बघून आक्का कशी पळाली, चपला हातात घेऊन. सगळी हसली. पदराआड तूही हसलीस.

आता सांगते. दीड वर्षामागं त्या दिवशी तू दवाखान्याच्या मागच्या दारी नळावर चूळ भरत होतीस. डॉक्टर घाईत होते. दारातच, तोंडावरचं फडकं न काढता ते मला कन्नडमधे काहीतरी बोलले, आणि मी येऊन तुला सांगितलं, "आक्का, सगळं दात काढाय पाहिजेत म्हणत्यात." तू फक्त एवढंच विचारलंस, "पस्तिसाव्या वर्षी गं?" आणि निघालीस. एरवी शंभर प्रश्न विचारणारी मी, त्या दिवशी एकही विचारला नाही. या सोमवारी मी खुर्चीतून उठताना फडक्याआडून तेच वाक्य आलं: "एल्ला कल्लु तेगीबेकु." परत विचारलं, तेव्हा त्यांनी फडकं खाली ओढून सांगितलं. कल्लु. दगड. सगळे खडे काढायला पाहिजेत. आणि मी ऐकलं होतं हल्लु, दात. जन्मापासून दोन्ही भाषा बोलणारी मी, एका अक्षराला चुकले. तू पळाली नव्हतीस, मी तुला पळवलं. त्यानंतर तुझे जे दोन दात पडले ते माझ्यामुळं पडले, आणि हे मी बस्तीत सगळ्यांपुढं सांगणार आहे. माझ्यावर राग धर, पण बुधवारी निपाणीला उतरलीस की बाजारात न जाता बेळगांवची मोटार धर. मी सकाळपासून स्टँडवर उभी राहते. या वेळी डॉक्टर काय म्हणतात ते तू स्वतः ऐक. मी बाहेर बसते.

तुझीच चुकलेली,
ब्राह्मी