सपाटीवर उगवलेली टेकडी

आदरणीय सातुर्निनाताई,

धाकट्या प्लासिदोचा नमस्कार. तुझा खोकला थांबला असेल, दाजी आणि कळपातले लामा दोघेही धष्टपुष्ट असतील असं धरून चालतो. (लामांची चौकशी मुद्दाम केली. तुझ्या पत्रांत दाजींपेक्षा त्यांचाच मजकूर जास्त असतो.) उजवा गुडघा सोडला तर मी ठीक आहे. हे पत्र आईच्या दगडाबद्दल आहे, पण क्रमाने सांगतो.

आमच्या नकाशाच्या तुकडीने तीन वर्षांपूर्वी आईच्या गावाबाहेर जमिनीत मोजणीची तांब्याची खूण ठोकली आणि ती पुन्हा सापडावी म्हणून वर हातभर दगड रचले. चूक एवढीच झाली. पठारावर वाटेकडेला रचलेले दगड दिसले की आपली माणसं काय करतात, हे राजधानीहून आलेल्या आमच्या तुकडीप्रमुख आरांसिबियासाहेबांना कुठून ठाऊक असणार? जो तो आला, दुखऱ्या जागी दगड चोळला, ढिगावर ठेवला, वर चघळलेली कोकाची पानं चिकटवली आणि दुखणं तिथेच सोडून गेला. आम्ही परतलो तर ढीग दोन पुरुष उंच झालेला. साहेब नकाशात टेकडी काढायलाच बसले होते. खूण तिच्याच पोटात आहे हे कळल्यावर म्हणाले, "उपसा."

कोणी हात लावेना. दगड उचलेल त्याला ते दुखणं लागतं. आईची शेजारीण बासिलियामावशी मेंढरं सोडून भांडायला आली. "माझी कंबर आहे त्यात. न्या साहेब, तुम्हाला शोभेल." साहेबांनी हसून स्वतःच सुरुवात केली. (त्या दुपारपासून ते वाकूनच चालतात. थंडीने झालं म्हणतात, आणि चार बुकं शिकल्यामुळे मलाही तसंच म्हणावं लागतं.)

मग मावशी मला म्हणाली, "तुझी आईपण यायची रे, शेवटच्या हिवाळ्यात. चुलीचा फुटका दगड घेऊन, गुडघ्यासाठी." मी तेव्हा दूर मोजणीवर होतो. तिला माती द्यायलाही पोचलो नाही, आणि ते मला अजून सलतं. मग मीही उपसायला लागलो, आणि एका बाजूने काजळी धरलेला तो दगड मला सापडला. खूण मोकळी झाली, मावशीच्या देखरेखीखाली ढीग बाजूला पुन्हा रचला, आईचा दगड मी मानाने वर ठेवला आणि दारू शिंपडली. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे तुला माहीत आहे.

तुझा
प्लासिदो

ता.क. ढिगावर ठेवला हे खोटं. दगड माझ्या पिशवीत आहे. उजवा गुडघा त्याच दिवसापासून दुखतोय. औषध पाठवू नकोस.

आणखी एक. शेवटी आईचे पाय तू चेपायचीस. तिचा कुठला गुडघा दुखायचा, एवढं कळव. डावा असेल तर उत्तर लिहू नकोस.