पेटी माझ्याकडे, गळा धाकट्याकडे

४ फेब्रुवारी, मंगळवार

पेटी माळ्यावरून खाली आली. म्हणजे हिने काढली — मी शिडी धरून उभा होतो. "दुरुस्त तरी करा, नाहीतर देऊन तरी टाका. माझ्या गाद्यांना जागा नाही," असं हिचं म्हणणं.

आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, चावीचा ग्रामोफोन. मिटला की लहानशी सुटकेस, कडीला धरून कुठेही न्यावी. रेक्झिन कोपऱ्यांना सोललंय. झाकण उघडलं तर फिरत्या थाळीवरचं हिरवं लोकरी कापड कसरीने जाळीदार करून ठेवलेलं. चावी दिली. पाचव्या वेढ्याला आतून धप्प असा आवाज झाला, थाळी दीड फेरा फिरली आणि थांबली.

बाकी सगळं जागेवर आहे. फक्त साउंडबॉक्स नाही. सुई ज्याला लावतात, आवाज ज्यातून निघतो, तो दांडीच्या टोकाचा गोल डबा. तो धाकट्याकडे, माझ्या भावाकडे आहे. एकोणीस वर्षं. तो विषय इथे नको.

५ फेब्रुवारी

वरची फळी काढायला चार स्क्रू. तीन निघाले. चौथ्याने माझा अंगठा सोलला. जन्मभर मुद्रितं तपासली. ऱ्हस्वाचं दीर्घ करण्यापलीकडे या हातांनी काही दुरुस्त केलेलं नाही. ही म्हणाली, "स्क्रूला लाल शाईने खूण करून ठेवा, तो आपोआप सुधारेल."

८ फेब्रुवारी, शनिवार

शेवटी पेटी उचलून कोपऱ्यावरच्या मशीनवाल्या बाईंकडे नेली. शिलाई मशिनं दुरुस्त करतात. पन्नाशीच्या, बोलणं मोजकं, बोटं काळी. दुकानात बसायला स्टूल एकच, त्यावर त्या.

"स्प्रिंगला हात लावलात?" हा पहिला प्रश्न.

नाही म्हटलं.

"लावला असता तर आज डाव्या हाताने जेवला असतात."

चौथा स्क्रू त्यांनी दोन थेंब तेल घालून, दहा मिनिटं त्याच्याकडे ढुंकूनही न बघता, चहा पिऊन झाल्यावर काढला. सहज! मग हातावर जाड कापड गुंडाळून पेटीच्या पोटातल्या डब्यातली स्प्रिंग वेढ्यावेढ्याने सोडवली. पूर्ण सुटली तेव्हा दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. जुनं वंगण वाळून डांबर झालेलं. तेच ते धप्प — चिकटलेले वेढे एकदम सुटायचे. रॉकेलमध्ये पट्टी पुसायचं काम मला मिळालं. तीन तास पुसली. "कडा पण," एवढंच त्या मधूनमधून म्हणायच्या.

घरी आलो तर हिने मला दारातच सदरा काढायला लावला. मजा आली. खूप वर्षांनी असं दमलो.

१० फेब्रुवारी

स्प्रिंग परत डब्यात बसली. वेग सांभाळणारी तीन इवली वजनं, वाटाण्याएवढी, बाईंनी साफ करून जागेवर लावली. कापड मी बदललं. घरातल्या जुन्या कोटाचं, त्यामुळे थाळी आता करडी. वाईट नाही दिसत.

११ फेब्रुवारी

मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे हवेत. थाळीवर कागदाचा तुकडा चिकटवला. मी घड्याळ बघायचं, हिने मोजायचं. हिचे एक्याऐंशी. मी मोजले, शहात्तर. तिसऱ्यांदा दोघांनी मोठ्याने मोजले आणि चाळिसाच्या आसपास एकमेकांना चुकवलं. हसू आवरेना. शेवटी दुपारी जमले. अठ्ठ्याहत्तर!

थाळी फिरते, तंतोतंत फिरते, आणि आवाज नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी कुठूनसा नवा साउंडबॉक्स मागवला होता. बसला नाही. दांडीची खाच वेगळी आहे. कानशीने घासू का विचारलं तर त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी कानस खाली ठेवली.

"याच्याबरोबर जो आला होता, तोच बसणार. तो कुठंय?"

"भावाकडे."

"मग आणा."

"आमचं बोलणं नाही."

त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी मशीन पुढे ओढलं. "दोन वाक्यांचं तर काम आहे," म्हणाल्या.

१४ फेब्रुवारी

विषय नको म्हटलं होतं, पण लिहून टाकतो.

आप्पांच्या शेवटच्या आजारात चार महिने मी होतो. धाकट्याची बदली लांब झालेली. तो आला तेव्हा आप्पांना ओळख उरली नव्हती. तेराव्या दिवशी सामान वाटायला बसलो आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला काय, तू पाहुण्यासारखा आलास." तो उठला, ग्रामोफोनच्या दांडीवरून साउंडबॉक्स फिरवून काढला, खिशात टाकला. "पाहुण्याला एवढी भेट पुरे," म्हणाला आणि गेला. नंतर बदली होऊन याच गावात परतला, अर्ध्या तासावर राहतो. तरी बोलणं नाही.

इतकी वर्षं मी हे सांगताना साउंडबॉक्सपासून सुरुवात करायचो. माझं वाक्य वगळून. बदली त्याने मागून घेतलेली नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

पत्राचा मसुदा केला. सात वेळा. सातही व्याकरणशुद्ध आणि सातही वाचवत नाहीत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गेलो.

दार त्यानेच उघडलं. केस पार पांढरे. मला आपलं उगाच वाटत होतं की तो चाळिशीचाच असेल.

"दादा?" म्हणाला.

मी तयार केलेली दोन वाक्यं विसरलो. म्हणालो, "मी तेव्हा जे बोललो ते खोटं होतं. आणि मला ते ठाऊक होतं. माझं चुकलं."

तो बाजूला झाला. "आत ये. चपला राहू देत."

धाकटीने, त्याच्या बायकोने, चहा केला. तिघंही गरम चहाकडे फार लक्ष देऊन बसलो. मग ग्रामोफोनचं निघालं — स्प्रिंग, रॉकेल, मशीनवाल्या बाई. एक्याऐंशी आणि शहात्तरवर तो हसला. उठून आतून एक पत्र्याची डबी घेऊन आला. कापसात साउंडबॉक्स. चकचकीत. अभ्रकाच्या चकतीला एक तडा नाही.

"दर दोन वर्षांनी आतलं रबर बदलतो," म्हणाला. "कडक होतं ना."

"पण वाजवायचास कशावर?"

"कशावरच नाही."

मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. डबीकडे बघत राहिलो. त्याने डबी पुढे सरकवली, मी परत सरकवली. "तूच घेऊन ये. पुढच्या रविवारी. तूच बसव."

"मी पण बोलायला हवं होतं," तो दारात म्हणाला. "खिशात घालून चालतं झालो. ते सोपं होतं."

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली.

१८ फेब्रुवारी

मशीनवाल्या बाईंना सांगितलं. "दोन वाक्यं लागली?" त्यांनी विचारलं. तीन लागली म्हटलं. सुयांची एक डबी दिली. म्हणाल्या, "एका रेकॉर्डला एक सुई. काटकसर करायची नाही."

२३ फेब्रुवारी, रविवार

दोघं अकराला आली. धाकट्याने साउंडबॉक्स दांडीवर बसवला. थोडा तिरका, मग फिरवून — टक्. आमचे दोघांचे श्वास एकदम सुटले.

लहानपणी चाळीस वेढे लागायचे, वीस माझे, वीस त्याचे. तसेच दिले. त्याने एकविसावा द्यायचा प्रयत्न केला, मी हात धरला.

आप्पांची आवडती हसण्याची रेकॉर्ड लावली. तिच्यात गाणं नाही, बोलणं नाही. एक माणूस नुसता हसतो. आधी दबून, मग जरा मोकळा, मग त्याला थांबताच येत नाही. सुरुवातीला नुसती खरखर. आणि मग तो आला! धाकटा हसायला लागला. मग ही, मग धाकटी. मला वाटलं मी हसतोय. धाकट्याने रुमाल पुढे केला तेव्हा कळलं.

पाच वेळा लावली. पाच सुया.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल एक गोष्ट लिहायची टाळली. निघताना धाकटीने पर्समधून चष्मा काढून हिच्या हातात दिला. "ताई, हा तुझा. बुधवारी टेबलावर विसरलीस."

मग दोघींच्याही लक्षात आलं, काय बोलून गेलो ते. मी धाकट्याकडे पाहिलं. त्यालाही पत्ता नव्हता.

इतकी वर्षं! ती दोघं गावात परतल्यापासून दर महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी ही धाकटीकडे जायची, तो ऑफिसात असताना. मला कालपर्यंत वाटत होतं ही वाचनालयाच्या सभेला जाते. "भांडण तुम्हा दोघांचं," ही म्हणाली, "आमचं कुठं काय होतं?"

आज सकाळी विचारलं, पुढची सभा कधी. एकोणीस मार्च, म्हणाली. म्हटलं, मीही येतो.

"बघते. धाकटीला विचारून सांगते."