अर्धा तास फक्त ऐकायचं

४ मार्च, मंगळवार

आजपासून रोजनिशी. कारण, पोरीचं लक्ष. पंधरा वर्षांची झाली, तरी गणिताचा पेपर अर्धा सोडून खिडकीबाहेर बघत बसली. गेल्या आठवड्यात तर बाई शिकवत असताना सरळ उठून वर्गाबाहेर गेली. का, तर आत कोंडल्यासारखं वाटलं म्हणे. शाळेने समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. आज आम्ही तिघं जाऊन आलो.

मॅडम म्हणाल्या, हा आळस नाही आणि उद्धटपणाही नाही. काही मुलांचं लक्ष एका जागी टिकतच नाही, आणि त्यावर ओरडा खाऊन खाऊन ती चिडकी होतात. तेवढ्यात पोरीने जाहीर केलं की तिला मावशीकडे राहायचंय, तिथल्या शाळेत जायचंय, कारण या घरात तिचं कोणी ऐकत नाही. मावशी केव्हाची तयार. तिथलं नवं सत्र सतरा तारखेला सुरू. मी साफ नाही म्हटलं. एकुलती एक पोर. ती गेली तर संध्याकाळी मी घरी यायचं कशाला?

मॅडमनी तोडगा काढला. पंधरा तारखेला परत भेटायचं. तोवर बाबांनी रोज अर्धा तास पोरीजवळ बसून फक्त ऐकायचं. उपदेश नाही.

मला मनातल्या मनात हसू आलं. मी लिफ्ट कंपनीत इमर्जन्सीच्या फोनवर बसतो. बंद लिफ्टमध्ये अडकलेली माणसं रडतात, शिव्या देतात. मी ऐकतो. अर्धा तास म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

५ मार्च, बुधवार

झकास सुरुवात. पोर म्हणाली, वर्गात बाईंचा आवाज, पंख्याचा आवाज, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं तिला एकाच जोरात ऐकू येतं. मी ताबडतोब उपाय दिला. पहिल्या बाकावर बस. ओघात माझ्या शाळेतल्या एकाग्रतेचा किस्सा. त्यावरून दुसरा. अर्धा तास कसा गेला कळलंच नाही. पोर मध्येच कधी उठून गेली तेही कळलं नाही. लक्ष टिकत नाही म्हणतात ते हेच!

७ मार्च, शुक्रवार

काल ऑफिसात जादा काम. म्हणून आज कालचा अर्धा आणि आजचा अर्धा, सलग एक तास घ्यावा असं सुचवलं. पोर नको म्हणाली. हट्टी. हा गुण आईकडून आलाय, असं मी तिच्या आईला समजावून सांगितलं. आता दोघीही माझ्याशी बोलत नाहीत. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल. एकाग्रतेला उत्तम वातावरण.

९ मार्च, रविवार

आता शास्त्रशुद्ध पद्धत. सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या डब्यात. आवाज नको म्हणून दार बंद, खिडकी बंद, पंखाही बंद. तिघं घामाघूम. पोर म्हणाली, गुदमरतंय. मी एक अक्षर बोललो नाही. मग डब्यात फोन वाजला. माझाच. इमर्जन्सी असू शकते, उठलो. कोणीतरी विमा विकत होतं. फोन हातात आलाच होता, म्हणून उद्याचं हवामान पाहिलं. तेवढ्यात आणखी दोन-चार गोष्टी. वर पाहिलं तर पोर माझ्याकडे एकटक बघत होती. डोळा हलत नव्हता. लक्ष सुधारतंय.

१२ मार्च, बुधवार

ऑफिसात वाहवा. एक आजीबाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. मेकॅनिक पोचेपर्यंत मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, सुनेसकट. साहेब म्हणाले, कान असावेत तर असे. घरी येऊन पोरीला सांगितलं. तिने विचारलं, मग मीही लिफ्टमध्ये जाऊन बसू का? विनोदबुद्धी माझ्यावर गेलीय. मी हसलो. तिने दार असं आपटलं की बिजागरी निखळली. ती बसवता बसवता अर्धा तास तिच्या दारातच गेला. हाही धरायला हरकत नाही.

१३ मार्च, गुरुवार

खरं लिहायचं तर जीव मेटाकुटीला आलाय. ऑफिसात कानाला हेडफोन, घरात तोंडाला कुलूप. बायको म्हणते गप्प बसा, पोर म्हणते ऐका, आणि दोन खोल्यांत माणसाने जायचं कुठे? गॅलरीत गेलो तर तिथे पोर आधीच उभी. कठड्याला टेकून रस्त्याकडे बघत होती. दोघं तसेच उभे राहिलो. वाटलं, ही थेट माझ्यासारखी आहे. मग वाटलं, छे, मी कुठे असा?

उद्या शेवटची संधी. तोंड उघडायचं नाही म्हणजे नाही. ही पोर मला इथेच हवी आहे.

१४ मार्च, शुक्रवार

जिंकलो! पूर्ण अर्धा तास, आणि माझा एक शब्द नाही. ती बोलतच राहिली. मध्ये डोळे पुसले. एकदा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी मान हलवत होतो आणि उद्या मॅडमपुढे हा पराक्रम कसा मांडावा याची मनात जुळवाजुळव करत होतो. सुरुवात नम्रपणे करावी की थेट मुद्द्यावर यावं? नम्रपणेच बरं. शेवटी तिने काहीतरी विचारलं. मी प्रेमाने हो म्हटलं. तिने परत विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, अगदी नक्की. तिने मला मिठी मारली! लहानपणानंतर पहिल्यांदाच.

मावशीचं प्रकरण मिटलं.

१५ मार्च, शनिवार

सकाळी दारात दोन बॅगा. खाली मावशीची गाडी.

बायकोचे डोळे लाल. तुम्ही हो म्हणालातच कसे, असं विचारत होती. पोर मावशीला सांगत होती की बाबांनी पहिल्यांदाच तिचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलले नाहीत, आणि तिला जाऊ द्यायला तयार झाले. तिचा चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

नाही म्हणावं, तर काल ऐकलंच नाही हे कबूल करावं लागतं. ऐकलं म्हणावं, तर तिला जाऊ द्यावं लागतं. मी बॅगा उचलल्या.

मॅडमना फोन करून कळवलं. त्यांनी माझं अभिनंदन केलं.

गाडीत बसताना पोर माझ्या कानाशी आली. काल जे सांगितलं ते विसरणार नाही ना, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही विसरणार. गाडी गेली.

वर आल्यावर बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, कालचं पोर तुलाही काही बोलली होती का. ती म्हणाली, नाही, ते फक्त बाबांनाच सांगितलंय म्हणाली.