फानूस कोण धरणार

बसरा,
१७ नोव्हेंबर

प्रिय सरमद,

सलाम आणि पोटभर माया. तू आणि रुबा खुशाल असाल, तिकडची थंडी हाडात शिरली नसेल, अशी आशा. हादी मावसभाऊ परवा स्वीडनला, तुमच्या माल्मोला परत निघालाय. त्याच्या बॅगेत खजूर भरलेल्या क्लेचा बिस्किटांचा डबा ठेवतेय. आई म्हणाली, "नुसता डबा कसा पाठवायचा गं? धाकट्या भावाला चार ओळी लिही, लहानपणी लिहायचीस तशा." म्हणून हे पत्र. अक्षर वेडंवाकडं वाटलं तर पेनाला शिव्या दे, मला नको.

तुझी बातमी ऐकल्यापासून घरात दुसरा विषय नाही. आपल्या अबू फानूस या खेळाचा नवा भाग! इतक्या वर्षांनी! खोक्यावरचं जपानी नाव आपल्याला कधी वाचता आलं नाही, म्हणून कंदील, म्हणजे फानूस, घेऊन छपरांवरून पळणाऱ्या त्या ठेंगण्याचं बारसं आपणच केलं होतं. तू म्हणालास की पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात येतोय आणि यात दोघांना एकाच वेळी खेळता येतं. एकाने उड्या मारायच्या आणि दुसऱ्याने फानूस धरून वाट दाखवायची. मग ठरलं तर. उड्या मी मारणार, फानूस तू धर. जुन्या खेळात मी पडेपर्यंत तुला पाळीच मिळायची नाही आणि मी पडायची नाही, म्हणून तू बिचारा आईचा झावळीचा पंखा घेऊन तापलेल्या अडॅप्टरला वारा घालत बसायचास. तेवढी बढती तुला मिळायलाच हवी.

सराव म्हणून मी माळ्यावरून टीव्हीवर खेळायची आपली जुनी अतारी काढली. चालते! मुहन्नद नवऱ्याच्या तोऱ्यात म्हणाला, "बसऱ्यात सरकारी नळ चालत नाही आणि हे तीस वर्षांपूर्वीचं डबडं चालतंय." पण गंमत ऐक. तुटक्या पुलावरची ती शेवटची उडी आठवते? मी ती डोळे मिटून मारायची, शेजारची पोरं बघायला यायची. ती उडी मला जमत नाहीये. अंगठा दाबते, आणि अबू फानूस जरा थांबून, विचार करून उडतो आणि खाली जातो. तू फोनवर म्हणालास ते पटलं. या सपाट टीव्हीवर चित्र उशिरा उमटतं, जुन्या खेळांना जुना डबा टीव्हीच लागतो. सकीना आत्याच्या गच्चीवर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी एक पडलाय, असं कळतंय. तो आणवते.

आई विचारतेय, गोड बातमी कधी. मी विचारत नाहीये, आईच विचारतेय.

रुबाला माझा प्रेमाचा मुका.

तुझी,
खेळाडू क्रमांक एक,
सुहाद

---

बसरा,
९ जानेवारी

लाडक्या सरमद,

तुला आणि रुबाला सलाम. हे पत्र हादीच्या सासूबाई आणताहेत. त्यांना चहा पाज, पण गुडघ्यांबद्दल विचारू नकोस, नाहीतर रात्र होईल.

तू फोनवर माझ्या अक्षराबद्दल विचारलंस. मी हसून उडवलं. आई शेजारी बसली होती.

आधी टीव्हीची गोष्ट सांगते. डबा आला. आत कोंबडीची पिसं निघाली, ती झटकली. चालू केल्यावर तोच जुना सूं आवाज, काचेला हात लावला की तेच केस उभे राहणं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बसले. तुटक्या पुलापर्यंत सगळं झकास. मग उडी. पडले. पुन्हा पडले.

तेव्हा म्हटलं, दोष विजेचा. गल्लीला वीज विकणाऱ्या अबू रझाकच्या जनरेटरचा दाब कमी पडतोय, यंत्राला ताकद मिळत नाही. मी जिन्यावरून ओरडून त्याला सांगितलं तर म्हणतो, "बाई, माझ्या विजेवर अख्ख्या गल्लीचे फ्रीज चालतात आणि तुमचा एक पोरगा उडत नाही होय?" मग सरकारी वीज आल्यावर खेळले. पडले. मग म्हटलं, अतारीच्या रिमोटचं बटण झिजलंय. अशारच्या बाजारात धुंडाळून नवा रिमोट आणला. दुकानदार म्हणाला, "मुलासाठी?" मी हो म्हटलं. घरी येऊन खेळले आणि पडले. नाचता येईना अंगण वाकडं, असं मुहन्नद म्हणाला. मीही हसले.

तो रिमोट मी त्याच्या हातात दिला. तुला माहितीये, मुहन्नदने जन्मात कधी खेळ खेळलेला नाही, त्याला दार उघडायची किल्लीसुद्धा दोनदा फिरवावी लागते. तो पुलापर्यंत कसाबसा आला, जीभ बाहेर काढून. आणि उडाला. पलीकडे पोचला. "अरे! सोपं आहे की!" असं म्हणत तो टाळ्या पिटत होता. मी पण टाळ्या वाजवल्या. पण बघ ना, सरमद. तोच टीव्ही, तीच वीज, तोच रिमोट. मग उरलं काय?

तेव्हापासून मी रोज खेळते. मुहन्नदला वाटतं, मला वेड लागलंय खेळाचं. मला खेळायचंच नसतं. मी अंगठ्याकडे बघत असते. दाब म्हटल्यावर दाबतोय का. आणि न सांगता हलतोय का.

मागच्या आठवड्यात माझ्या हातून चहाचा पेला पडला. त्यात काय, पेले पडतातच. आईने काचा वेचल्या. पण तेव्हापासून ती मला चहा अर्धाच पेला भरून देते. अर्धा पिऊन झाला की पुन्हा अर्धा. मी म्हटलं, "आई, साखर संपली का घरातली?" तर म्हणाली, "गरम राहतो गं असा." माझ्याकडे बघितलं नाही तिने. असा अर्धा पेला ती आणखी कुणाला भरून द्यायची, तुला आठवतं? तू लहान होतास. नसेल आठवत तर बरंच आहे.

तू तुझ्या संगणकावर जुना अबू फानूस उतरवून घेतलायस ना? तुटक्या पुलावरची उडी तुला जमते का? पहिल्या फटक्यात? खरं सांग. फुशारकी मारू नकोस.

रुबाने आईला सांगितलं की तुम्ही वसंतात डॉक्टरांकडे जाणार आहात, मुलासाठी. आईने गल्लीत मिठाई वाटायची तेवढी बाकी ठेवलीये. मी तिला म्हटलं, थांब जरा. तुलाही म्हणते, थोडं थांब. कारण विचारू नकोस, पुढच्या पत्रात लिहीन.

नव्या खेळाची तारीख पक्की झाली म्हणतोस. दोन खेळाडूंची प्रत राखून ठेवलीस, तेही छान केलंस. मला आनंद झाला. खरंच झाला.

तुझी,
खेळाडू क्रमांक एक (अजून तरी),
सुहाद

---

बसरा,
३ मार्च

माझ्या सरमद,

सलाम. आई बरी आहे. मुहन्नद बरा आहे. आज बाकीची विचारपूस करत नाही, कारण ती लिहिता लिहिता कागद संपेल आणि मी पुन्हा सांगायचं टाळीन. ताकाला जाऊन भांडं लपवायचं आता पुरे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतोस, आणि तू रडलास तर मला पुढे बोलता यायचं नाही. कागदावर मला कुणी अडवत नाही. अक्षर लागलं नाही तर हळूहळू वाच. पेनाचा दोष नाहीये, तुला ते केव्हाच कळलंय.

बाबांचं मी तुला कधी धड सांगितलं नाही. शेवटी शेवटी आईने तुला मामाकडे नासिरियाला पाठवलं होतं, म्हणून तुला फक्त त्यांचे हलणारे हात आठवतात. लोक काय म्हणायचे तेही आठवत असेल. "इराणच्या युद्धात फावच्या आघाडीवर होता, तोफांनी नसा खाल्ल्या." आपणही तेच म्हणत आलो. त्यांचे हात उडायचे, खांदे उडायचे, शांत माणूस एकाएकी भांडी फेकायचा, आणि सगळे माना हलवून म्हणायचे, युद्ध. गल्लीत प्रत्येक घरात युद्धातून परतलेला कुणीतरी होताच. कुणी रात्री ओरडायचा, कुणी भिंतीशी बोलायचा. त्यात बाबांचं वेगळं काय वाटणार? शेवटी त्यांना पाणीही गिळवेना. मी चमच्याने भरवायची, तो चमचा मला अजून स्वप्नात दिसतो.

आणि बाबांच्या आईचे हात? तिलाही असंच व्हायचं, म्हातारी चालताना नाचल्यासारखी चालायची. तिला जिन लागला होता म्हणे. तिच्यासाठी मौलवी आणले, ताईत बांधले.

आजीचा जिन आणि बाबांचं युद्ध. दोन वेगळ्या गोष्टी म्हणून आपण त्या दोन कोनाड्यांत ठेवल्या आणि कधी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. मी कुठल्या युद्धाला गेले होते, सरमद? मी तर अतारी खेळत होते.

मुहन्नद मला बगदादला घेऊन गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, फार मायेने बोलल्या. "हात हलतोय हे पहिल्यांदा कधी कळलं?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुटक्या पुलावर." त्या घाबरल्या, त्यांना वाटलं कुठला पूल बाँबने उडालाय. मग मी सगळं सांगितलं, सपाट टीव्ही, डबा टीव्ही, अबू रझाकची वीज, रिमोट. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाकीचे लोक माझ्याकडे यायला याहून फार उशीर करतात." मग वडिलांबद्दल विचारलं. मी सवयीने म्हटलं, "ते युद्धामुळे." त्यांनी मग आजीबद्दल विचारलं. उत्तर देता देता त्या दोन गोष्टी माझ्याच तोंडून शेजारी आल्या.

रक्त तपासायला बाहेरच्या देशात पाठवलं होतं. निकाल आलाय. हा नसांचा आजार आहे, रक्तातून उतरतो. आजीकडून बाबांना आणि बाबांकडून मला. औषधाने हात थोडे शांत होतील, पण आजार जाणार नाही. सावकाश येईल म्हणाल्या. मी विचारलं, "किती सावकाश?" त्यांनी माझा हात हातात धरून ठेवला.

मला भीती वाटते. लिहूनच टाकते, म्हणजे निदान कागदाला तरी कळेल. पडण्याची नाही, मरणाचीही नाही तितकी. मला त्या चमच्याची भीती वाटते. एक दिवस मी मुहन्नदच्या अंगावर भांडं फेकीन आणि ते मी फेकलं की आजाराने, हे कुणालाच कळणार नाही, याची वाटते. आईला हे सगळं दुसऱ्यांदा बघावं लागणार. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही, आणि तरी ती बाबांना द्यायची तसाच अर्धा पेला मला भरते. तिला कुणी काय सांगायचं?

पण सगळ्यांत मोठी भीती तुझी आहे. आता नीट वाच. बाबांच्या प्रत्येक मुलाला हा आजार मिळण्याची शक्यता अर्धी. मला मिळाला म्हणून तुला मिळाला असं नाही, आणि मला मिळाला म्हणून तू सुटलास असंही नाही. मी बाईंना हेच तीन-तीनदा विचारलं. त्या म्हणाल्या, "प्रत्येकासाठी नाणं वेगळं उडतं." तुझं नाणं तू जन्मलास तेव्हाच पडलंय, फक्त कुणी हात उचलून बघितलेलं नाही. बघायचं की नाही हे तुझं तू ठरव. मी आग्रह करणार नाही, आईलाही करू देणार नाही. फक्त मूल होण्याआधी रुबाला हे माहीत हवं. तिकडच्या डॉक्टरांना बाबांचं सांगा, ते युद्ध सोडून सांगा. बाळाला हे मिळू नये म्हणून त्यांच्याकडे मार्ग असतात, असं बाई म्हणाल्या. म्हणून मी तुला थांब म्हटलं होतं. तुझ्या बाळाची मी आईहून जास्त वाट बघतेय, वेड्या.

मागच्या फोनवर तू म्हणालास, "ताई, तुटका पूल मी पहिल्याच फटक्यात पार केला!" आणि मी फोन खाली ठेवून बराच वेळ रडले. तुला वाटलं असेल, मला हेवा वाटला. त्याने काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. तू माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहेस. तरी रोज एकदा तो पूल पार करून मला सांगत जा. नाही, नको. रोज नको सांगूस. तू माझ्यासारखा अंगठ्याकडे बघत बसू नकोस. खेळ नुसता खेळ म्हणून खेळ.

जुन्या खेळात मी पडले की तुझी पाळी यायची. तू पंखा टाकून रिमोट ओढायचास आणि ओरडायचास, "ताई मेली, आता मी!" आणि आई आतून रागवायची, असं अभद्र बोलू नये म्हणून. ते वाक्य हल्ली माझ्या कानात घुमतं. तेव्हा मी तुझी पाळी येऊ नये म्हणून जिवाच्या कराराने खेळायची. आताही तीच दुवा मागते.

हिवाळ्यात नवा अबू फानूस घेऊन ये. रुबालाही आण. आपण दोघं डबा टीव्हीसमोर चटईवर बसू. तो खेळ त्या डब्याला जोडता येणार नाही म्हणशील, तर मग सपाट टीव्हीच वापरू. माझ्यासाठी आता दोन्ही सारखेच. त्या वेळी माझा हात कसा असेल ठाऊक नाही. पण फानूस धरणाऱ्याला उडी मारावी लागत नाही ना? आणि फानूस जरा हलला तरी उजेड पडतोच.

पहिला रिमोट तू घे. उड्या तू मार. पुढे पूल तुटलेला असेल तर तो तुला दिसेपर्यंत मी फानूस धरून तुझ्या शेजारी बसलेली असेन.

तुझी,
खेळाडू क्रमांक दोन,
सुहाद