सौंदडीची वेडी बहीण

आबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमच्याशी भांडण काही मिटत नाही. तुमची एकच टेप: "सौंदड काय आन् येडी बाभूळ काय, बहिणी-बहिणीच. मेंढरं दोन्ही खात्यात, मग तुझं काय दुखतंय?" बहिणी आहेत, कबूल! पण एक इथलीच, सावकाश वाढणारी, दसऱ्याला शमी म्हणून पुजतात ती. दुसरी परदेशातून आलेली, पडेल तिथं पसरणारी. खुटबावच्या आपल्या शिवारात सौंदड उरली होती एकच, आपल्या बांधावर. तिलाही तुम्ही दर उन्हाळ्यात मेंढरांसाठी छाटून बोडकी करायचा. आणि एका साली तर वेड्या बाभळीच्या गोड शेंगा पोटभर चारून तुम्ही कळप गावातल्या एका बागायतदाराच्या रानात खतासाठी बसवलात. लेंड्यांतून बी पडलं, पावसाळ्यात बाजरीआधी काटेच उगवले. तो दारात ओरडतोय, "आबा, खत मागितलं व्हतं, जंगल न्हाई!" आणि तुम्ही तंबाखू मळत म्हणताय, "उगवलं म्हंजी खत चांगलंच हाय की!" काय बोलावं तुम्हाला! मला गावात तोंड दाखवायची लाज वाटत होती.

आता मी शिरूरला रोपवाटिकेत नोकरीला आहे. आमच्या रजिस्टरात सौंदडीपुढं 'कमी होत चाललेली, जपावी' असं लिहिलंय आणि वेड्या बाभळीपुढं 'मुळासकट काढावी'. गावोगाव मी हेच सांगत फिरतो. गेल्या उन्हाळ्यात आपलाच बांध साफ करायला जेसीबी बोलावला. वेड्या बाभळींच्या गर्दीत एका झुडपाशी थांबून ड्रायव्हरनं विचारलं, "साब, ये भी निकालूँ?" मी मोटरसायकलवरूनच 'हो' म्हणून मान हलवली. थोड्या वेळानं आई भाकरी घेऊन आली, उपटलेल्या फांदीचा काटा बोटानं चाचपला आणि म्हणाली, "आरं, ही सौंदड व्हती! तुझ्या बापानं जलमभर छाटली, पर जित्ती ठिवली."

तिच्यावरच मी खेकसलो. म्हटलं, आबांनी छाटून छाटून झुडूप केलं, कुणाला ओळखू येणार? हापिसातल्या झाडांच्या पाहणीच्या कागदावरही सौंदडीपुढं लिहून आलो, 'मालकाच्या अति छाटणीमुळे नष्ट.' मालक म्हणजे तुम्ही. तुम्ही काही उलटून बोलणार नव्हता.

खोटं आहे ते. दोन पावलं चालून काटा बघितला असता तर मला लगेच कळलं असतं: वेड्या बाभळीचे काटे लांब, जोडीनं; सौंदडीचे आखूड, सुटे. मी गाडीवरून उतरलोच नाही. ही चिठ्ठी खरं तर तुम्हाला नाही, हापिसात द्यायला पाहिजे. माझ्यानं ते होणार नाही, आबा.